साहेबांचा चांगला हेतू

(जबलपूर. विजय नगरमधलं लिक्विडेटर अंबरीश यांचं ऑफिस. समोर शिलाई कारागीर कुसुमबाई आणि तिची भाची एकता.)

अंबरीश: नवी मशीन देतो म्हणतोय ना? मोटरवाली. फक्त इथे सही करा, तक्रार मागे घेतली म्हणून.

कुसुमबाई: नवी कोन मागून राहिलं? माझी कुठं हाय?

अंबरीश: विकली गेली. सलवार-सूटचा कारखाना बुडाला, कोर्टानं मला नेमलं, आतला सगळा माल मी लिलावात काढला. कामच आहे माझं ते.

कुसुमबाई: आतलं सगळं कारखान्याचं नव्हतं ना! मालक म्हणे, मशीन घरून आणा, तरच काम. आम्ही बायांनी ऑटोत घालून नेल्या. तुम्हाले फाटकावर सांगितलं का नाही?

अंबरीश: गर्दीत कोण काय बोललं, आता...

कुसुमबाई: गर्दी? मी मशीनले धरून बसली होती! तुमच्या माणसानं 'दीदी, उठो, उठो' करत उठवलं मले. तुम्ही पाहून राहिले होते.

अंबरीश: बरं, चूक झाली असेल. पण चांगल्या हेतूनं केलेल्या कामासाठी लिक्विडेटरवर केस होत नाही. कायदा आहे.

एकता: सर, जर्मनीत ना, लापरवाही केली की आपल्या जेबमधून भरावं लागतं. अमेरिकेत तर काम घ्यायच्या पहलेच नुकसानभरपाईचा बाँड द्यावा लागतो.

अंबरीश: वा! लॉ कॉलेज? मग जा जर्मनीला, तिथे करा तक्रार.

कुसुमबाई: काहून जाऊ? मशीन इथं गेली.

एकता: और सर, इथेही हेतू चांगला पाहिजे ना. आत्यानं पहलेच सांगितलं होतं. फिर चांगला कसा?

अंबरीश: तू आधी मराठी सुधार.

कुसुमबाई: तिचं मराठी राहू द्या. जवाब द्या.

अंबरीश: बाकीच्या बाया गप्प आहेत, कुसुमबाई. तुम्हालाच काय एवढं?

कुसुमबाई: त्याईले वाटते, साहेब लोकाईवर तक्रार होतच नाही. मलेबी वाटत होतं. आता मी सही केली, का त्याईचं तोंड कायमचं बंद. त्याच्यासाठीच मोटरवाली, नाही का?

अंबरीश: घरी काम ठप्प आहे ना तुमचं?

कुसुमबाई: ठप्पच हाय. शेजारनीचा सैपाक होईस्तोवर तिच्या मशीनवर शिवून राहिली. ती पोळ्या लाटून आली, का उठा लागते.

अंबरीश: मग? हट्ट कशाला?

एकता: आत्या, चलो. हे नाही समजणार.

अंबरीश: कंपन्यांचं कोर्ट इंदूरला आहे, तिथे वर्षं जातील, बाई. आणि हरलात तर?

कुसुमबाई: हरली तं हरली. पण तिथला चपराशी माझ्यासंगं तुमचंबी नाव पुकारन.