गादीवाल्याचे गाल

...नाही, तुम्हीच सांगा, काहीही झालेलं नसताना माणसानं दिवसातून किती जणांना सांगायचं, काही झालेलं नाही हो म्हणून? कुणी समोर आला की तेच! 'काय झालं? चेहरा का उतरलाय?' अहो, वयानं उतरलाय! पन्नाशी उलटली, गालातला ऐवज गेला, खोबण्या पडल्या, त्यात माझा काय दोष? आणि तुम्हाला सांगतो, मी कारकून असतो तर चाललंही असतं, पण मी विकतो काय? गाद्या! मी सांगतोय, 'ताई, हिच्यावर पाठ टेकली की थेट सकाळीच जाग,' आणि ताई गादीकडे बघतच नाहीत, माझ्याकडे बघतात, आणि नवऱ्याच्या कानात, 'अहो, यांनाच झोप लागत नाही वाटतं!' गेलं गिऱ्हाईक!

मालकांनी बोलावलं. 'घरी सगळं ठीक ना? नाही म्हणजे... काही दिवस गोदाम सांभाळता का?' गोदाम! उभा जन्म दुकानात माणसांशी बोलण्यात गेला माझा, बडबड केल्याशिवाय अन्न गोड लागत नाही मला, आणि मी तिथे गाद्यांशी बोलू? म्हटलं, मालक, काही झालेलं नाही हो! दोन दिवस सुट्टी द्या, नवा चेहरा घेऊन येतो!

गेलो गाल भरून घ्यायला. बायकोलासुद्धा न सांगता, कारण ती म्हणणार, 'या वयात?' डॉक्टरीणबाई फार गोड. 'इथे थोडं भरू, इथे थोडं भरू...' अहो, मी माणूस आहे की लांबी भरायची भिंत? 'सुई कळणारसुद्धा नाही हं!' कळली हो! चांगली कळली! 'थोडी सूज येईल, ती बसेल, मग वर्षभर चेहरा उतरायचा नाही. गॅरंटी!'

घरी पाऊल टाकतोय तोच बायको, 'तोंड का फुगवलंय?' काही झालेलं नाही गं! 'मग गाल फुगवून बसायला काय झालं? कालचं बोलणं लागलं का मनाला? चुकलंच माझं!' आता ती काल काय बोलली, मला आठवेना! पण लग्नानंतर पहिल्यांदा माफी मागत होती, म्हटलं मागू दे!

सुट्टी संपली, दुकानात गेलो. गाल टम्म, डोळे बारीक. मालक बघतायत, बघतायत... 'झोपला होतात?' नाही हो! 'आत्ता उठल्यासारखे दिसताय. विकायच्या गादीवर झोपता? कुठल्या?' काही झालेलं नाही हो मालक! पण खरं सांगू कसं? चार गिऱ्हाइकं उभी, त्यांच्यादेखत सांगू, गालात सुया टोचून घेतल्या? शेवटी मान खाली घातली आणि म्हणालो, 'त्या कोपऱ्यातल्या... मऊ आहे.'

गोदाम!

सूज गेली. गाल असे भरलेत म्हणता, दहा वर्षांनी तरुण! पण बघणार कोण? दिवसभर माणूस नाही, 'काय झालं' नाही, बोललो तर गाद्या आवाजसुद्धा गिळून टाकतात. काल घरी आलो तो रडायचाच बाकी होतो. म्हटलं, आज तरी ही विचारेल. तिनं दार उघडलं, निरखून पाहिलं, आणि म्हणाली, 'अगंबाई, काय टवटवीत दिसताय! गोदाम मानवलं हो तुम्हाला!'

आता खरंच झालंय हो काहीतरी! पण कुणाला कळणार कसं? चेहरा उतरेल तर ना... वर्षभराची गॅरंटी आहे!