माहीमच्या माडावरून हाक

ऐका! आणि मधेमधे हुंकार द्या, नाहीतर मी उठून जाईन.

तुमची ही मुंबई तेव्हा माडांची होती. माहीमला तर भर दुपारी ऊन जमिनीला पोचत नसे. तिथं लखू भंडारी माडी काढायचा. आता रीत अशी, की माडावर चढण्याआधी भंडाऱ्यानं हाक द्यायची, "चढतोय होऽऽ!" का? अहो, वरून सगळ्यांची परसं दिसतात! न्हाणाऱ्या बायांनी आडोशाला जावं म्हणून.

वाडीचा मुकादम होता धाकोजी. त्याला लखूचे माड आपल्या मेव्हण्याला द्यायचे होते. मेल्यानं पंचांपुढं नारळावर हात ठेवला, म्हणाला, "हा हाक देत नाही. बाया बघतो." झालं! लखूच्या तोंडाला काळं फासलं. दुसऱ्या दिवशी त्यानं माडावरून अंग टाकलं.

पुढं एकदा धाकोजी अंधार पडल्यावर त्याच वाडीतून घरी निघाला. एकटा. हातात कंदील. तोच वरून, "चढतोय होऽऽ! ऐकलंत का, मुकादम?"

माणसानं गप्प बसावं की नाही? पण खोट्याची जीभ सवयीची! म्हणाला, "नाही ऐकलं."

कंदील विझला. पायाखालची वाळू गेली. चालतोय, चालतोय, आणि पायांना लागतायत माडाच्या खाचा!

"चढतोय होऽऽ! ऐकलंत?"

"नाही! नाही!"

अगं बाई! जितक्यांदा नाही, तितका वर. शेवटी झावळ्या तोंडावर आल्या. खाली घरांचे दिवे काजव्याएवढे. आणि शेजारी लखू! तोंड काळं, हातात कोयती. खोडाला धरलेलं धाकोजीचं एकेक बोट सोडवायला लागला.

"ऐकलं होतंस का रे?"

"ऐकलं होतं!"

"मला काय सांगतोस? वाडीला सांग."

"लखू हाक द्यायचा होऽऽ! मी खोटं बोललोऽऽ!"

माणसं मशाली घेऊन धावली. धाकोजी खरडत खाली आला. छातीची सालटी निघालेली, पण जिवंत. लखूची बायको चंद्रा पुढं झाली.

"सोड गं आता याला. कबूल केलं ना त्यानं!" लोक म्हणाले.

"हा उतरला," ती म्हणाली. "माझा उतरला नव्हता. पडला होता."

तिथं आता डांबरी रस्ता आहे. माड औषधालाही नाही. तरी त्या वाटेनं जाऊ नका. खोट्या शपथेनं कुणाच्या पोटावर पाय दिला असेल, तर मुळीच नको. लखू अजून तिथंच आहे. त्याला जा म्हणायची हिंमत आहे माझ्यात. इच्छा नाही.