वहिनींनी थांबवलेल्या गाड्या

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे आदरणीय पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती आमच्या वहिनी, त्यांच्या घरची मंडळी आणि माझ्या ड्रायव्हर, मेकॅनिक, कार्यालयीन बंधू-भगिनींनो,

मला स्टिअरिंग धरायची सवय, माईक धरायची नाही. तेव्हा सुरुवातीला गाडी जरा हिसके देईल, सांभाळून घ्या.

आपल्या आपत्कालीन सेवेच्या वर्कशॉपप्रमुखांना सगळं खातं वहिनी का म्हणतं, हे नव्या मंडळींना ठाऊक नसेल. त्यांचे यजमान इथे आधीपासून ड्रायव्हर होते. वहिनी इंजिनिअर होऊन आल्या तेव्हा आम्ही त्यांना मॅडम म्हणून पाहिलं, पण जीभ वळेना. पुढे व्हायचं तेच झालं. दादांना स्वतःचं नाव उरलं नाही, ते ‘वहिनींचे मिस्टर’ झाले. पहिल्या रांगेत बसून हसताहेत बघा. त्यांची तक्रार नाही, आणि असती तरी ऐकतंय कोण?

आता मुद्द्याचं. पुराच्या वर्षीची हकिगत मी अध्यक्षांची रीतसर परवानगी घेऊन सांगतोय. आजचे अध्यक्ष म्हणजे आपले निवृत्त मोठे साहेब. ते स्वतः ड्रायव्हरचे साहेब झालेले. वहिनींना घाटातली गाडी शिकवली ती त्यांनीच. काल मला म्हणाले, “सांगायचं तर सगळं सांग, माझी बाजू झाकू नकोस.”

त्या वर्षी वहिनी लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर होत्या. त्यांच्या मागे साहेबांनी सगळ्या पिकअप गाड्यांची, जुन्या आणि नव्याने आलेल्या, सर्व्हिसिंग उरकून घेतली. ट्रान्सफर केस म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणारी पेटी. डिफरन्शियल म्हणजे दोन चाकांच्या मधला तो गोल डबा. दोन्हींत एकच घट्ट गिअर ऑइल घालायचं, ही आपली जुनी रीत. जुन्या गाड्या त्याच तेलावर डोंगर चढल्या होत्या. साहेबांनी तेच घालायला सांगितलं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच सांगितलं असतं.

वहिनी रजेवरून परतल्या त्याच सकाळी नदी चढू लागली. वरच्या अंगाचं रुग्णालय रिकामं करायचा हुकूम आला. मोठा रस्ता पाण्याखाली. उरली ती डोंगराच्या कडेची दगडी वाट, एका वेळी एकच गाडी जाईल इतकी. आणि त्या रुग्णालयात, मंडळी, माझे वडील होते. पायाचं ऑपरेशन झालेलं, उठता येत नव्हतं.

मी माझी गाडी काढली, ती नव्यांपैकी, आवारामागच्या ओल्या चढावर नेली आणि चारही चाकांचं बटण फिरवलं. डॅशबोर्डवरचा दिवा नुसता लुकलुकत राहिला. पुढची चाकं लागेनात. वहिनी छत्री टाकून गाडीखाली शिरल्या, पेटीचं बूच सैल केलं. गारठ्यात काकवीसारखं तेल बोटावर आलं. त्यांनी ते चोळून पाहिलं, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “नव्या गाड्या जाणार नाहीत. जुन्या आत्ता सोडा, त्यांना हेच तेल लागतं.”

साहेब म्हणाले, “आयुष्यभर आपण हेच तेल घातलं.”

“जुन्या पेटीला ते बरोबरच आहे, साहेब. नवीमध्ये साखळी आहे, छोटा पंप आहे. त्याला हे घट्ट तेल थंडीत ओढवत नाही. हिला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ लाल तेल लागतं, आणि ते आपल्या स्टोअरमध्ये आहे.”

“पाणी चढतंय.”

“म्हणूनच म्हणते. त्या वाटेवर एक गाडी अडकली की मागची एकही खाली येणार नाही.”

जुन्या गाड्या फाटकाबाहेर पडू लागल्या. मी वहिनींपुढे गेलो आणि माझे वडील वर आहेत, मला एकट्याला तरी सोडा, म्हणून हात जोडले. त्या माझ्याहून वयाने थोड्याच मोठ्या, पण आईसारखा माझा दंड धरला. म्हणाल्या, “तुझे वडील वर आहेत म्हणून तुझी गाडी सगळ्यात आधी उघडते. किल्ली दे.”

किल्ली दिली. दुसरं काय करणार होतो? आणि मग जे झालं ते या खात्याने विसरू नये. साहेबांनी कोट काढला, कठड्यावर ठेवला आणि शेजारच्या गाडीखाली स्वतः आडवे झाले. साहेब चिखलात झोपल्यावर उभं कोण राहणार? हिशेबनीस बाईंनी पदर खोचला, वायरलेसवाल्याने तेलाचे डबे वाहिले. घाईघाईत कोणीतरी तेच लाल तेल डिफरन्शियलमध्येही ओतायला निघाला, म्हणजे एकदाच काम होईल. वहिनींनी वरच्यावर त्याचा हात धरला. तिथे दाते दात्यावर घासत फिरतात, भार सगळा त्यांच्यावर. पातळ तेल घातलं तर डोंगर उतरेपर्यंत दात्यांचा भुगा होईल, असं त्यांनी समजावलं. तिथलं घट्ट तेल त्यांनी तसंच राहू दिलं. म्हणजे एकाच गाडीत, हातभर अंतरावर, दोन तेलं, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. तेवढ्या धांदलीत हे भान ठेवणं सोपं असतं का हो?

माझ्या गाडीत तेल भरून झाल्यावर त्यांनी मला पुन्हा त्या चढावर पाठवलं. दिवा एकदा लागला तो लागलाच. मी मान हलवली, त्यांनी फाटकाकडे बोट दाखवलं.

उतरतानाचं वाटेवरचं शेवटचं वळण आठवतं ना ड्रायव्हर मंडळींना? दगडांवरून पाणी वाहत होतं, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काही नाही. मागे वडील आणि त्यांना धरून बसलेली नर्स. गाडीची पुढची चाकं दगड पकडत होती, मागची ढकलत होती, अगदी गुमान. खाली उतरल्यावर वडील म्हणाले, “कुठे धक्का बसला नाही रे, रस्ता चांगला केलाय वाटतं.” मी हो म्हणालो.

सगळे रुग्ण खाली आले. एकही गाडी वाटेत थांबली नाही. शेवटची गाडी परतली तेव्हा साहेब, चिखलाने भरलेले, वहिनींसमोर उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, “आजपासून कुठल्या गाडीत काय पडेल, हे तू ठरवायचं. मीसुद्धा तुला विचारून घालीन.” निवृत्त होईपर्यंत त्यांनी तो शब्द पाळला. मला या खात्याचा अभिमान आहे तो या दोघांमुळे. एकीला नाही म्हणता आलं, आणि दुसऱ्याला ते ऐकता आलं.

वहिनी, एक गोष्ट आम्ही तुमच्यापासून लपवली. सभागृहात मागे भिंतीशी उभी असलेली माणसं आपल्या खात्याची नाहीत. ती त्या दिवशी वरून खाली आलेली माणसं आहेत. माझे वडील काठी टेकून मधोमध उभे आहेत, बसा म्हटलं तर ऐकत नाहीत. ट्रान्सफर केस कशाशी खातात हे त्यांतल्या एकालाही माहीत नाही. त्यांना फक्त एवढंच ठाऊक आहे की त्या दिवशी गाड्या कोणीतरी थांबवल्या होत्या. ती कोण, हे बघायला ते आलेत. जरा उभ्या राहा, वहिनी. त्यांना दिसू द्या.

संयोजकांनी मला बोलू दिलं आणि आपण कान देऊन ऐकलंत, आभारी आहे. मानपानात कुठे कमी-जास्त झालं असेल, एखादा शब्द वावगा गेला असेल, तर ड्रायव्हर माणूस म्हणून पदरात घ्या.