एकदाच विचारलं होतं

नॉर्वेतल्या बर्गनच्या बसथांब्यावर माझ्या शेजारी दोन मुली बसल्या होत्या. शिक्षण संपवून इराणला परत निघालेली गोलनार, आणि तिला सोडायला आलेली इथलीच इंगव्हिल्ड.

“वर्षभरात किती हिंडलीस गं! लोफोटेन, स्टॉकहोम, कोपनहेगन. मी इथली असून एवढं पाहिलं नाही.”

“हजार फोटो आहेत. सगळ्यांत मी एकटीच.”

“ईस्टरला आमच्या डोंगरातल्या घरी बोलावलं होतं की तुला. नको म्हणालीस.”

“आमच्याकडे पहिल्यांदा नकोच म्हणतात, बाई! लगेच हो म्हटलं तर हावरट दिसतं. तू पुन्हा विचारशील म्हणून दोन दिवस बॅग भरून बसले होते मी.”

“बॅग भरून?”

“लोकरीचे मोजेसुद्धा आणले होते. शेवटी एकटीच लोफोटेनला गेले.”

“अगं, नको म्हटल्यावर आम्ही परत विचारत नाही. ते गळ्यात पडणं झालं. आजोबांनी तर तुला विचारायच्या आधीच तुझ्यासाठी खिडकीजवळचा पलंग मांडला होता. इराणची मुलगी येणार म्हणून चहाची किटली विकत आणली. जन्मभर कॉफी पिणारा माणूस!”

“हे कधी बोलली नाहीस.”

“मे महिन्यात ते गेले, तेव्हा सांगितलं की.”

“गेल्याचं सांगितलंस. माझी वाट पाहिल्याचं नाही.”

बस आली. गोलनारने बॅग उचलली.

“पुढच्या ईस्टरला येशील?”

“नको गं, तुम्हाला उगाच त्रास.”

“बरं.”

गोलनार पायरी चढली. इंगव्हिल्डने बसचं दार धरलं.

“दुसऱ्यांदा विचारतेय. येशील?”

“येईन. ती किटली तेवढी कुणाला देऊ नका.”