साहेबांनी काहीच अट घातली नाही

आम्ही वाशीला राहायचो तेव्हाचं सांगतो. घणसोलीच्या मिठागरांवर मला पिक्चर काढायचा होता आणि एका स्टुडिओचे मालक पैसे द्यायला तयार झाले.

"धंदा नाही झाला तरी चालेल," ते म्हणाले. "काम मोलाचं आहे. तुला हवं तसं कर, मी एक शॉटही कापायला सांगणार नाही."

इथेच माझी पंचाईत झाली. तोवर पिक्चर पडला की मी निर्मात्याला शिव्या घालून मोकळा व्हायचो.

"साहेब, निदान एखादं गाणं तरी टाकायला सांगा."

"नाही," म्हणाले आणि सही करून कागद माझ्यापुढे सरकवला.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं.

"म्हणजे आता," ती हळूच म्हणाली, "पिक्चर खरंच चांगला काढावा लागणार."