एकतीस नंबरचे डाग

तिउर्मा: कॉक फिरवतेस की जप करतेस? फिरव एकदाचा!

वार्सिनी: फिरवलाय, ताई. पूर्ण फिरवलाय.

तिउर्मा: मग पेटत का नाही? उद्या सकाळी बंदरावर स्पर्धेला न्यायचाय हा दिवा, आणि हा बघ, सासरी पाठवल्यासारखा तोंड पाडून बसलाय.

वार्सिनी: मीटरचा काटा बघा, थरथरला किंचित. म्हणजे वीज आत येतेय, पण वाटेतच कुठंतरी पळतेय. जरा सरकता का? माझ्या उजेडात उभ्या आहात.

तिउर्मा: सरकले. दहा आठवडे तुझ्याबरोबर भंगार बाजार पालथा घातला बाई. सिंगापूरवाल्यांनी फेकलेलं सगळं आमच्या बाताम बेटाच्या किनाऱ्याला लागतं, आणि त्यातलं निम्मं आता तुझ्या ओट्यावर आहे. एसीच्या तांब्याच्या नळ्या, बोटीवरचं वाफेचं मीटर, घड्याळाची चाकं, रेडिओचे काचेचे व्हॉल्व्ह... माझ्या नवऱ्याला वाटतं आपण दोघी बोट बांधतोय!

वार्सिनी: त्यांना सांगा, वाफेच्या इंजिनाच्या काळातला वाटेल असा दिवा आहे. फक्त वाफ नाही. मीटरमधला काटा तर जुन्या टेपमधला आहे, गाण्याच्या तालावर नाचणारा.

तिउर्मा: त्याला कळायचं नाही. त्याला मासा आणि चर्चमधला कॉयर, दोनच गोष्टी कळतात.

वार्सिनी: सापडलं! हे बघा. वायरीचं टोक नळीला टेकलंय. तांबंच ते, सगळी वीज त्याच्यातून फिरून परत. तो सायकलच्या ट्यूबचा तुकडा द्या. तिथं, केळ्याच्या भज्यांच्या पिठाशेजारी.

तिउर्मा: पिठाशेजारी ट्यूब. उद्या गिऱ्हाईकाला भज्यात रबर सापडलं म्हणजे कळेल.

वार्सिनी: आठ वर्षांत सापडलं नाही. हं. आता तुम्ही फिरवा कॉक.

तिउर्मा: मी? मला शॉक बसायचा.

वार्सिनी: बारा व्होल्ट आहेत ताई. मुंगीलाही बसणार नाही. हळू फिरवा, नळ सोडल्यासारखा.

तिउर्मा: अगं... अगं बाई! काटा चढतोय! पहिली काच पेटली. दुसरी! वार्सी, ह्या एकामागून एक कशा गं पेटतायत?

वार्सिनी: प्रत्येकीला आधीच्या काचेपेक्षा थोडा जास्त जोर लागेल अशी जोडणी केलीय. बुडाशी बारका पिवळा दिवा, आणि वरच्या काचेत जुनी तार. त्यामुळे निखारा वाटतो.

तिउर्मा: चार. पाच! देवा येशू, अंगावर काटा आला माझ्या. हे तू केलंस? ह्या पत्र्याच्या खोलीत?

वार्सिनी: दोघींनी केलं. आता मागचं तेवढं राहिलंय. रेडिओ-टीव्हीत असतात तसले पाच सर्किट बोर्ड पंख्यासारखे उभे करायचे, म्हणजे उजेड त्यांच्यावर पडेल आणि सोल्डरचे सगळे डाग चांदीसारखे चमकतील. तुम्ही सकाळी आणलेलं पोतं कुठाय?

तिउर्मा: बाहेर, नळापाशी. दहा धुऊन वाळत घातलेत. भंगारवाला म्हणाला, जुना माल आहे, घेऊन जा. हे घे.

वार्सिनी: हिरवा रंग छान राहिलाय. वरचे सुटे भाग पण... ताई.

तिउर्मा: काय गं?

वार्सिनी: कोपऱ्यातला शिक्का वाचा बरं. माझा चष्मा धुरकटलाय बहुतेक.

तिउर्मा: काही नाही, कारखान्याचा नंबर असेल. दे तो इकडे, दुसरे घेऊ. निळे होते काही त्याच्याकडे, ते जास्त शोभतील.

वार्सिनी: एकतीस लिहिलंय. आणि ह्याच्यावरही एकतीस. ह्याच्यावरही. कारखान्यात एकतीस नंबरचं टेबल माझं होतं. महिना बघा, ताई. ही तीच खेप आहे. परत आलेली.

तिउर्मा: असेल. सोड ना. जुनी मढी कशाला उकरायची?

वार्सिनी: भिंग द्या.

तिउर्मा: वार्सी, उजेड जाईल, काम राहील...

वार्सिनी: भिंग द्या मला.

तिउर्मा: घे.

वार्सिनी: हा डाग पक्का आहे. हाही. हा बघा, चिमट्याने ओढते, हलत नाही. अकरा वर्षं त्या लाइनवर बसले मी. शेवटी काय सांगितलं मला? तुझे डोळे गेले, तुझा हात थरथरतो, तुझे डाग कच्चे, तुझ्यामुळे अख्खी खेप परत आली. आणि मला खरं वाटलं, ताई! घरी येऊन मी सोल्डर गन माळ्यावर टाकली. पाच वर्षं हात लावला नाही. रेडिओ बिघडला तरी दुसऱ्याकडे दिला.

तिउर्मा: मला माहीत आहे.

वार्सिनी: हे बघा. हा बारका डबा, कंडेन्सर. डोकं फुगलंय, बुडातून तपकिरी पाणी आलंय. ह्या बोर्डाचाही. दहाच्या दहांचे! बाहेरून आलेला मालच सडका होता. माझा डाग नव्हता तो. एकही नव्हता. ताई, ऐकताय ना? तुम्ही तर आमच्या लाइनच्या मुकादम होतात. हे कुणालाच दिसलं नाही?

तिउर्मा: दिसलं होतं.

वार्सिनी: कुणाला?

तिउर्मा: मला. खेप परत आली त्या दिवशी मी दोन बोर्ड उघडून बघितले होते. वरती जाऊन सांगितलं. साहेब म्हणाला, माल मागवणारा माझा मेहुणा आहे, त्याचं नाव कागदावर येणार नाही. संध्याकाळपर्यंत एका टेबलाचा नंबर दे, नाहीतर बावीस जणींची लाइनच बंद करतो.

वार्सिनी: आणि तुम्ही एकतीस लिहिलंत.

तिउर्मा: लिहिलं. माझ्या हातानं.

वार्सिनी: दहापासून एकतीसपर्यंत बावीस टेबलं होती. माझंच का?

तिउर्मा: तुला नुकताच चष्मा लागला होता. लोकांना पटलं असतं.

वार्सिनी: आणखी?

तिउर्मा: नको विचारूस.

वार्सिनी: आणखी?

तिउर्मा: तू भांडणार नाहीस, हे मला माहीत होतं. दुसरी कुणीही असती तर माझी वेणी धरली असती. तू मान खाली घालून डबा उचललास आणि गेलीस. त्यानंतर मी रोज तुझ्या गाडीवर भजी खायला यायला लागले. मला केळ्याची भजी आवडत नाहीत गं. कधीच आवडली नाहीत.

वार्सिनी: म्हणजे मी सगळ्यांत गरीब गाय होते म्हणून.

तिउर्मा: बोल. शिव्या घाल. ते भिंग फेकून मार.

वार्सिनी: घरी जा.

तिउर्मा: वार्सी...

वार्सिनी: घरी जा, तिउर्मा. मला हे बोर्ड बसवायचेत.

तिउर्मा: हेच?

वार्सिनी: हेच. नंबर बाहेर येतील असे. आणि उद्या आठला ये. दिवा अठरा किलोचा आहे, माझ्या एकटीच्यानं उचलवणार नाही. माफ केलंय म्हणून बोलवत नाहीये.

(दुसऱ्या दिवशी. बंदरावरचं सभागृह. टाकाऊ यंत्रांतून केलेल्या शोभेच्या वस्तूंची स्पर्धा. परीक्षक नुरबायती बाई, स्वतः इंजिनिअर, एकेक टेबल बघत आल्या आहेत.)

नुरबायती: पुढचं टेबल. नाव?

वार्सिनी: वार्सिनी.

नुरबायती: आडनाव?

वार्सिनी: आम्हा जावा बेटावरच्या लोकांत पुष्कळांचं एकच नाव असतं, मॅडम. तेवढंच आहे.

नुरबायती: पुरेसं आहे. अर्जावर शिक्षणाची जागा कोरी सोडलीत?

वार्सिनी: लिहिण्यासारखं काही नव्हतं.

नुरबायती: बरं. दिवा लावा. कोणीतरी पडदे ओढा, प्लीज.

वार्सिनी: कॉक फिरवायचा, मॅडम. असा. सावकाश.

नुरबायती: अरे वा... वाफेचं मीटर खरोखर चढतंय. आणि ह्या एकेक... थांबा. परत खाली घ्या. आता पुन्हा. सुरेख! काय जोडणी केलीत हो! आणि मागं काय चमकतंय, चांदीचं नक्षीकाम?

वार्सिनी: नाही मॅडम, सोल्डरचे डाग आहेत. साधे बोर्ड आहेत कारखान्यातले.

नुरबायती: माझं भिंग कुठाय... हे डाग कुणी दिलेत? यंत्रानं?

वार्सिनी: हातानं.

नुरबायती: शक्य नाही. मी वीस वर्षं हे काम तपासलंय. ह्यात कुठं सोल्डर जास्त नाही, कुठं कमी नाही, सगळे डाग एका मापाचे. हे हातानं कुणी दिले असतील तर मला तो हात बघायचाय.

तिउर्मा: हा बघा! हा. दाखव गं हात. मॅडम, मी बोलू का?

वार्सिनी: तिउर्मा, नको. इतकी माणसं आहेत.

तिउर्मा: माणसं आहेत म्हणूनच बोलते. मॅडम, मी तिउर्मा सिहालोहो. ह्या बाईच्या लाइनची मुकादम होते. हे बोर्ड हिनंच केलेत. ते नादुरुस्त होऊन परत आले, आणि हिचे डाग कच्चे म्हणून हिला काढलं. कागदावर हिचा नंबर मी लिहिला. खोटा लिहिला. कंडेन्सर सडके होते, मला ठाऊक होतं, आणि मी माझी नोकरी वाचवली. झालं. हे मी आठ वर्षांपूर्वी बोलायला हवं होतं, आज बोलतेय.

नुरबायती: ...हे कंडेन्सर फुगलेत खरे. पहिल्यांदा बघतानाच दिसलं मला. मी समजले, शोभेसाठी मुद्दाम तसे ठेवलेत. बाई, तुमच्या डागात काही दोष नाही. हे मी स्पर्धेची परीक्षक म्हणून सांगत नाहीये. इंजिनिअर म्हणून सांगतेय. हवं तर लिहून सही करून देते.

वार्सिनी: खरंच लिहून द्याल?

नुरबायती: आत्ता देते. पण त्या दाराशी एवढ्या बायका टाळ्या का वाजवतायत? निकाल अजून मी सांगितलेला नाही!

वार्सिनी: कोण आहेत? मला उजेडामुळे दिसत नाही. ती... ती चौदा नंबरची लेस्टारी ना? आणि फ्लोरेस बेटावरची ती उंच, मगदालेना? ह्या सगळ्या इथं कशा?

तिउर्मा: काल तुझ्याकडून निघाले आणि एकेकीला फोन लावला. जे आत्ता बोलले तेच सतरा वेळा बोलले. चौघी बेट सोडून गेल्या. बाकीच्या सगळ्या आल्या. लेस्टारीनं मला आईवरून शिवी घातली. मगदालेना तर सुट्टी टाकून आलीय, आणि माझ्याशी बोलत नाहीये.

वार्सिनी: सतराच्या सतरा आल्या?

तिउर्मा: तुझ्यासाठी. माझ्यासाठी कोण येतंय!

नुरबायती: जरा शांतता ठेवता का? ऐका. अजून दोन टेबलं बघायची आहेत, म्हणून नियमाप्रमाणे मी काही बोलू शकत नाही. ती दोन बघते आणि मग बोलते.

तिउर्मा: मॅडम चालल्या. हसत होत्या की नाही? तू बघितलंस का? मला वाटतं हसत होत्या.

वार्सिनी: मला काही सुचत नाहीये. माझे हात बघ.

तिउर्मा: थरथरतायत.

वार्सिनी: थरथरू दे. आज थरथरू दे.

तिउर्मा: आल्या, आल्या. सरळ उभी राहा!

नुरबायती: पहिला क्रमांक, वार्सिनी. आणि बाई, हा दिवा सभागृहात ठेवायचा नाही. सिंगापूरच्या बोटीतून माणसं उतरतात ना, त्या दारासमोर ह्याची जागा ठरलीय. आजपासूनच. शिवाय माझ्या संस्थेत बायकांना दुरुस्तीचं काम शिकवायचा वर्ग आहे, शिकवणारी मिळत नाही. तुम्ही याल?

वार्सिनी: मी? शिकवायला? माझी शिक्षणाची जागा कोरी आहे, मॅडम.

नुरबायती: ती मी भरते. दोन दिवसांत कळवा. चला, मुलांनो, दिवा उचला. जपून!

तिउर्मा: मुलं कशाला? अठरा किलो आहे, आम्ही उचलतो. वार्सी, धर त्या बाजूनं.

वार्सिनी: सांभाळ, वायर पायात येतेय. डावीकडे. अजून. हं, ठेव इथंच, बोटीच्या दारासमोर.

तिउर्मा: देवा, कंबर गेली. ... वार्सी.

वार्सिनी: काय?

तिउर्मा: तुझ्या मनातून गेलं का गं ते?

वार्सिनी: नाही.

तिउर्मा: जाईल?

वार्सिनी: आत्ताच कसं सांगू? आठ वर्षं फार झाली. तू तिथं उभी राहून बोललीस, तेव्हा मला बरं वाटलं. एवढंच सांगू शकते.

तिउर्मा: एवढं पुरे. मी निघू?

वार्सिनी: कुठं निघतेस? त्या पोरी बर्फाचा चहा घेऊन यायच्यात. आणि मगदालेनाची समजूत कोण काढणार, मी?

तिउर्मा: ती मला मारेल.

वार्सिनी: मारू दे एक. बस इथं, ताई. बोट लागली बघ.

तिउर्मा: एवढी माणसं! सगळी घाईत. कुणी दिव्याकडे बघतंय का?

वार्सिनी: ती लाल बॅगवाली थांबली. पोराला उचलून दाखवतेय.