बाहीवरचं दूध

ऑस्ट्रेलियातल्या वॉर्नम्बूल गावच्या दवाखान्यात माझं बाळ मांडीवर झोपलं होतं, म्हणून मला हलता येत नव्हतं. मागच्या बाकावर गोठ्यातले गमबूट घातलेले एक आजोबा आणि त्यांची मुलगी मेरिन दबक्या आवाजात भांडत होते. नात टिल्डाला वजन करायला नर्सनं आत नेलं होतं.

“डॉक्टरांनी विचारलं तर म्हणायचं, टिल्डा रोज दूध पिते. कळलं ना, बाबा?”

“खोटं सांगू? अ‍ॅलर्जी गेली, आता रोज दूध द्या, बंद ठेवलंत तर अ‍ॅलर्जी परत येईल, असं वर्षापूर्वी त्यांनीच बजावलं होतं. तू थेंबभर दिलं नाहीस.”

“लहानपणी दुधानं तिचे ओठ निळे पडलेले तुम्ही पाहिले नाहीत.”

“तेव्हा दवाखान्यात नेताना गाडी कोण चालवत होतं गं? सात वर्षं धारा काढून आलो की अंघोळ केल्याशिवाय पोरीला शिवलो नाही मी. पण वर्षात दोनदा हात मोडला तिचा. उंची बघ जरा.”

“रोज ग्लास भरते, बाबा. आणि रोज ओतून देते.”

“आई!” टिल्डा धावत बाहेर आली. “नर्सनं विचारलं, दूध पितेस का? मी म्हटलं, रोज.”

“का गं, टिल्डा?”

“नाहीतर डॉक्टर तुला रागावले असते.”

मेरिन बाकावरून उठली.

“बाबा, हिला मांडीवर घ्या. मी आत जाऊन खरं सांगते. त्यांच्या डोळ्यांसमोर दूध पाजून परत तपासू देत.”

“अगं, सकाळी धारा काढून तसाच निघालोय. बाहीवर दूध सांडलंय.”

“दिसतंय मला. घ्या तिला.”